दोन टोपल्या माती

माझा धंदा सुतारकीचा, त्यातही दारांचा. लोक जुन्या फरशीवर नवी फरशी टाकतात, कारण जुनी उखडायचा कंटाळा. मग मला बोलावतात. "मिस्त्री, दार घासतंय बघा. लाकूड फुगलं वाटतं." लाकडाला काही झालेलं नसतं. दार होतं तिथंच आहे. तुम्ही खालची जमीन वर आणलीत, त्याला दार काय करणार? पण हे सांगून कुणाला पटत नाही. मी दार उतरवतो, आडवं घालतो, खालून रंधा मारतो, पुन्हा बिजागऱ्यांवर चढवतो. एकतीस वर्षं हेच करतोय. आणि खोटं कशाला सांगू, दर वेळी रंध्यातून पहिली साल निघाली की मला एक गोल आठवतो. मी मारलेला नाही, खाल्लेला.

कॅप्टनचा फोन आला तेव्हाही एक दार आडवं पडलेलं होतं.

"टिल्लू, रविवारी चार वाजता. कॉलेजच्या ग्राउंडवर. सगळी टीम येतेय."

"सगळी म्हणजे?"

"सगळी म्हणजे जी जिवंत आहे ती. लंबू येतोय. आणि ऐक, सरांचा पत्ता लागला. सर पण येतायत."

मी फोन ठेवला. बायको आतून म्हणाली, "कोण होतं? आणि तोंड का असं झालंय? कुणी गेलं का?"

"गेलं नाही," मी म्हटलं. "येतंय."

कॉलेजात असताना मी गोलकीपर होतो. उंची साडेपाच फूट, म्हणून नाव टिल्लू. हसायचं असेल तर हसून घ्या, तेव्हा सगळं गाव हसायचं. आमची टीम ही टीम म्हणावी अशी नव्हतीच. कपडे बदलायला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली होती. तिथं आम्लाचा वास असा भरलेला की मॅचच्या आधी निम्म्यांचे डोळे रडून लाल झालेले असायचे आणि समोरच्या टीमला वाटायचं, ही पोरं जिवावर उदार होऊन आलीत. बूट एकमेकांचे. शर्ट धुऊन धुऊन कुठल्याच रंगाचे राहिले नव्हते. त्यांच्यावरचे आकडे सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, घरच्या मशीनवर शिवून दिले होते. माझ्या पाठीवरचा एकचा आकडा थोडा वाकडा होता. "तूच सरळ उभा राहत नाहीस, आकडा काय करेल?" असं वहिनी म्हणायच्या.

सर तेव्हा बत्तीस-तेहतीसचे. गळ्यात बुटाच्या काळ्या नाडीला बांधलेली शिट्टी. आवाज असा की रस्त्यावरची सायकल थांबायची. नोकरी अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की एक महिना घरी बसायचं, मग प्राचार्यांची मर्जी असेल तर पुन्हा अकरा महिने. सहा वर्षं असं चाललं होतं. त्या वर्षी टीम बरी आहे असं दिसल्यावर प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "कप आणा, मी तुम्हाला कायम करतो." सर हे आम्हाला सांगणारे नव्हते. केबिनच्या शिपायानं सांगितलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या टीमला माहीत झालं होतं.

आज पन्नाशी उलटल्यावर मला त्या प्राचार्याबद्दल काय वाटतं ते स्पष्ट सांगतो. एका माणसाचं घर अकरा पोरांच्या पायांवर ठेवून स्वतः पंख्याखाली बसणारा माणूस हलकट असतो. त्याचा फोटो अजून कॉलेजच्या हॉलमध्ये आहे. पण तेव्हा आम्ही एकोणीस वर्षांचे होतो. आम्हाला वाटलं, वा, काय मोठ्या मनाचा माणूस.

सीझन सुरू व्हायच्या आधी गोलसाठी आम्ही दोघं होतो. मी आणि लंबू. लंबू सहा फूट दोन इंच, हात गुडघ्यापर्यंत. पण त्या हातांत बॉल टिकायचा नाही. आठवडाभर आम्हाला आलटून पालटून उभं करून सर शेवटी म्हणाले, "लंबू पोचतो पण धरत नाही. टिल्लू धरतो पण पोचत नाही. जो आधी सुधारेल तो खेळेल."

लंबू दुसऱ्या दिवसापासून व्यायामशाळेच्या भिंतीवर बॉल मारायला लागला. बॉल बादलीत बुडवून ओला करायचा, म्हणजे जास्त निसटतो, आणि मारायचा. रोज दोनशे. वर्गात बसला तरी त्याच्या तळव्यांचा लाल रंग दिसायचा.

मी काय करणार? हात कसे वाढवायचे ते कुठल्या भिंतीवर शिकवतात?

आमच्या टीमची एक जुनी रीत होती. गोलकीपर उड्या मारतो, लोळतो, त्यानं गोलसमोर खड्डा पडतो. तो खड्डा भरायचं काम गोलकीपरचंच. दर शनिवारी सराव संपला की दोन्ही गोलांसमोर दोन-दोन टोपल्या माती टाकायची, पाणी मारायचं, पायानं दाबायची. मग मैदानावरचे रोलरकाका रोलर फिरवायचे. आमच्या आधीच्या गोलकीपरनी हेच केलं, त्यांच्या आधीच्यांनी हेच केलं. कुणी कधी मोजलं नाही. खड्ड्यापेक्षा माती जरा जास्तच पडायची, त्यामुळं वर्षानुवर्षं गोलसमोरची जमीन हळूहळू वर येत होती. आडव्या दांड्याला आम्ही बार म्हणायचो. तो आठ फुटांवर असायला हवा. आमचा मी आलो तेव्हाच चार बोटं कमी होता.

हे मला कळलं ते दुसऱ्या शनिवारी. माती दाबून झाल्यावर मी सहज हात वर केला, टाचा उचलल्या, तर बार बोटांपासून थोडाच वर राहिला. अगदी थोडा. माझ्या डोक्यात तेव्हा जे आलं ते कुठल्याच पोराच्या डोक्यात येऊ नये.

कॉलेजच्या मागं नव्या इमारतीचा पाया खणत होते. मातीचा ढीग फुकट पडलेला. पुढच्या शनिवारी मी दोनच्या जागी सहा टोपल्या टाकल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी सात. एका जागी ढीग दिसू नये म्हणून पुढं उतरती करत नेली, गवताला मिळवून टाकली. बाप सुतार, सफाईचं काम रक्तातच होतं. सर लांबून बघायचे आणि बाकीच्यांना ओरडायचे, "बघा, शिका काहीतरी! त्या टिल्लूला बघा, किती राबतोय!"

दोनदा लंबू आला मदतीला. एकटाच वाहतोयस म्हणाला आणि टोपल्या उचलायला लागला. मी नको म्हटलं नाही.

सीझन सुरू होईपर्यंत बार वीतभर खाली आला होता. टाचा उचलल्या की माझी बोटं त्याला लागायची. सरांनी मलाच निवडलं. मॅचच्या आधी बारला हात लावणं ही माझी सवय झाली. लोकांना वाटायचं श्रद्धा आहे. खरं म्हणजे मी डोळे मिटून बार कुठं आहे ते ओळखायला शिकत होतो. बॉल हवेत असताना मला कळायचं, हा वरून जाणार, हा खालून येणार. वरून जाणाऱ्याला मी हातसुद्धा लावायचो नाही. ऐटीत सोडून द्यायचो आणि पाठ फिरवून बॉल आणायला निघायचो. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. काय नजर आहे पोराची!

त्या सीझनमध्ये फायनलच्या आधीच्या नऊ मॅचपैकी सात आमच्या मैदानावर झाल्या, कारण निम्म्या कॉलेजांना मैदानच नव्हतं. घरच्या सात मॅचमध्ये मी एकही गोल खाल्ला नाही. काय दिवस होते ते. मॅच संपली की आम्ही पाण्याच्या टाकीखाली डोकी धरून बसायचो, एकमेकांच्या नकला करायचो, एका सायकलवर तिघं बसून घरी जायचो. कुंपणापाशी वहिनी पोरीला कडेवर घेऊन उभ्या असायच्या. पोरगी गोल झाला की टाळ्या वाजवायची, कुणाचाही होवो. रस्त्यात अनोळखी माणूस थांबवून विचारायचा, तो गोलकीपर तूच ना? एकोणीस वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी तू कोण म्हणून विचारत होतं.

वैतागला होता तो फक्त कॅप्टन. आमचा सगळ्यात चांगला मारणारा तोच. पण त्या सीझनला त्याचे बॉल बारला लागून परत यायचे. एक, दोन, तीन... सहा बॉल लागले. दोन्ही गोल सारखेच खाली होते ना! बिचारा डोळे तपासून आला आणि चष्मा घेऊन आला. "लांबचं कमी दिसतं म्हणतायत," असं त्यानं आम्हाला सांगितलं. आम्ही पोटं धरून हसलो. मी सगळ्यात जास्त.

बाहेरच्या दोन मॅचपैकी एक पावसानं धुऊन बरोबरीत गेली. दुसरी आम्ही तीन-दोननं जिंकलो, पण ते दोन्ही गोल माझ्या डोक्यावरून आले होते. सगळे म्हणाले, परकं मैदान, होतं असं. मीही तेच म्हणालो.

फायनल शहराच्या मोठ्या स्टेडियमवर होती. तिथं चुन्याच्या रेषा दोरी लावून मारलेल्या, जमीन टेबलासारखी सपाट. माझा बाप आला होता. आयुष्यात पहिल्यांदा दुकानाला दुपारी कुलूप लावून आला होता, आणि तिसऱ्या रांगेत कामाच्याच शर्टात बसला होता. कानामागं पेन्सिल तशीच.

वॉर्मअपला मी गोलमध्ये गेलो. टाचा उचलल्या, हात वर केला. हाताला काहीच लागलं नाही.

पुन्हा केला. वर नुसती हवा. वीतभर हवा.

मी तेव्हा काय काय विचार केला ते मला पाठ आहे. बूट दुसऱ्याचा आहे म्हणून असेल. पाय जड झालेत म्हणून असेल. पण या सगळ्या थापा होत्या. मला त्याच क्षणी कळलं होतं. मी सरांकडे पाहिलं. सर रेषेपाशी उभे होते, माझ्याकडेच तोंड करून. मग ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. लंबू गोलच्या मागं ओला बॉल हातात खेळवत उभा होता. एकदासुद्धा पडू देत नव्हता. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की सर, आज त्याला घ्या. चार शब्द. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बापानं हात वर केला. मीही केला. आणि गोलमध्ये उभा राहिलो.

ऐंशी मिनिटं शून्य-शून्य. मग त्यांच्या एका पोरानं तीस पावलांवरून उचलून मारला. हवेत बॉल बघितला आणि माझ्या अंगानं, माझ्या साऱ्या सीझननं मला सांगितलं, वरून जातोय. मी हात खाली घेतला. ऐटीत. पाठ वळवलीसुद्धा. आणि मागून जाळीचा आवाज आला. ज्यानं तो आवाज पाठीमागून ऐकलाय त्यालाच तो कळेल, बाकीच्यांना काय सांगायचं?

एक-शून्य. हरलो.

महिन्याभरात सरांचे अकरा महिने संपले. प्राचार्य म्हणाले, "कप आला असता तर बघितलं असतं." सर सामान बांधून दुसऱ्या शहरात गेले. आम्ही निरोपालाही गेलो नाही, तोंड दाखवायला लाज वाटत होती. नंतर कळलं, काही वर्षं एका खेळाच्या सामानाच्या दुकानात खोकी भरत होते, मग कुठल्याशा शाळेत कवायत शिकवून तिथूनच निवृत्त झाले. आणि टीमनं एक गोष्ट ठरवून टाकली. लग्नात भेटू दे, कुणाच्या मयतीला भेटू दे, ती निघायचीच. सरांचं चुकलं. लंबूला खेळवायला हवं होतं. साडेपाच फुटी गोलकीपर फायनलला कोण घेतं? मी ऐकून घ्यायचो. दोष सरांवर जात होता, माझ्या अंगाला लागत नव्हता. बरं वाटायचं, ते का नाकारू?

रविवारी गेलो. मैदान तेवढंच, भोवतीच्या इमारती मात्र वाढलेल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, चहाचा थर्मास, बिस्किटं. कॅप्टनचं पोट त्याच्या आधी पोचलं होतं. आता त्याच्या मालकीचे सोळा ट्रक आहेत, चष्मा तोच जाड. लंबू एस.टी. चालवून मुदतीआधीच रिटायर झालेला, पाठीत थोडा वाकलेला, तरी माझ्यापेक्षा हातभर उंच. सरांना त्यांची मुलगी गाडीतून सोडून गेली. तीच, कडेवरची. सर वाळून गेले होते, पण शिट्टी गळ्यात होती. नाडी नवी होती.

"वहिनी नाही आल्या?" मी विचारलं.

"गुडघे," सर म्हणाले. "पण निरोप दिलाय तुला. विचार म्हणाली, सरळ उभा राहतो का आता?"

मी हसलो. हसता हसता पाठ ताठ केली.

चहा झाला, टिंगल झाली, कुणाला साखर आहे, कुणाला नातवंडं आहेत ते झालं. मग कॅप्टन उभा राहिला. "सर, राग मानू नका. पण एकतीस वर्षं झाली, आज तरी कबूल करून टाका. फायनलला लंबूला घ्यायला हवं होतं की नाही? टिल्लू, तुला बोलत नाही रे. तू होतास तेवढाच होतास."

सगळे हसले. सरही हसले. म्हणाले, "हो रे बाबा. चुकलंच ते माझं."

इतक्या सहज. जणू कुणी सांडलेला चहा पुसून घ्यावा तसं. मला बसवेना.

"सरांचं चुकलं नव्हतं," मी उठून म्हणालो. "माती मी टाकली होती."

"कसली माती?" कॅप्टन म्हणाला. "बस रे, तुला बीपी आहे."

"गोलसमोरची. दोन टोपल्या टाकायच्या, मी सात टाकायचो. सगळा सीझन. माझा हात पोचावा म्हणून. आपला बार वीतभर खाली होता. फायनलला तो खरा होता, आणि मला ते मॅचच्या आधी कळलं होतं. हात लावून बघितला होता. सांगितलं नाही. तो बॉल मी सोडला तो आपल्या गोलच्या मापानं सोडला."

थर्मासचं झाकण कुणाच्या तरी हातात तसंच राहिलं.

पहिला बोलला कॅप्टन. "थांब, थांब. म्हणजे सगळा सीझन बार खाली?"

"हो."

"दोन्ही बाजूंचा?"

"दोन्ही."

"म्हणजे माझे ते सहा बॉल..." तो बोटांवर मोजायला लागला. "मेल्या! अरे नालायका! मी चष्मा घेतला ना त्या वर्षी! एकतीस वर्षं चष्मा लावतोय मी!"

दोघं-तिघं फुटलेच. लंबू हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"मी रोज दोनशे बॉल मारायचो भिंतीवर," तो हळू म्हणाला. "ओले करून."

"माहीत आहे."

"आणि तू टोपल्या वाहत होतास."

"हो."

"दोनदा मी पण वाहिल्या रे. तुझ्याबरोबर. तुला एकट्याला जड पडतं म्हणून."

सॉरी हा शब्द माझ्या तोंडात आला होता, पण तो इतका छोटा होता की मी गिळून टाकला. लंबू उठला आणि गोलच्या दिशेनं चालत गेला.

"बस खाली," सर मला म्हणाले. "अर्धंच सांगितलंस."

"सगळं सांगितलं सर."

"तुझं सगळं सांगितलंस. माझं राहिलं." त्यांनी शिट्टी मुठीत धरली. "रोलरकाकांनी मला सेमीफायनलच्या आधी सांगितलं होतं. म्हणाले, साहेब, रोलर गोलपाशी चढ चढतोय. मी येऊन बघितलं. मला दिसलं. तेव्हाच खणून काढायला हवं होतं. पण आपण जिंकत होतो. म्हटलं, एक मॅच होऊ दे. झाली. मग म्हटलं, फायनलला पाच दिवस उरलेत, आता सांगितलं तर पोरगा ढासळेल. लंबूचे हात तोवर चांगले बसले होते, ते पण दिसत होतं मला. पण न हरलेला गोलकीपर काढायचा धीर होईना. कायम करायची ऑर्डर नाकासमोर टांगलेली होती रे माझ्या."

"पण तुम्हाला काय माहीत की मला..."

"वॉर्मअपला तुझा हात पोचला नाही. दोनदा. तू माझ्याकडे बघितलंस. मी नाडी बांधायला वाकलो." सरांनी मुठीतली शिट्टी सोडली. "नाडी सुटलेली नव्हती."

माझं डोकं सणकलं. खरं सांगतो, दया वगैरे नंतर आली, आधी राग आला. वयाचा, नात्याचा कशाचाही मुलाहिजा न ठेवता मी ओरडलो. "मग बोलला का नाहीत? एकतीस वर्षं मी हे एकट्यानं वाहतोय सर! प्रत्येक दाराखाली मला ती माती दिसते! एक पत्र टाकायचं होतं!"

"तू टाकलंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मला वाटायचं, त्या पोराचा मी बळी दिला," सर म्हणाले. "गावानं त्याला हसावं म्हणून उभा केला. त्या प्राचार्याच्या एका कागदासाठी. म्हणून कॅप्टन म्हणाला की चुकलं, तर मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं."

मला आता राग कुणाचा करायचा तेच कळेना. समोरच्या या वाळलेल्या माणसाचा करवेना. तो प्राचार्य हॉलमध्ये फ्रेममध्ये बसलाय, त्याचा करून उपयोग नाही. मी खुर्चीत बसलो. सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

तेवढ्यात लंबूची हाक आली. "ए टिल्लू! टेप आहे का खिशात?"

सुताराच्या खिशात टेप नसेल तर तो सुतार कसला. मी गेलो, मागून सगळे आले. खांब आता नवे, लोखंडी, पांढरे. लंबूनं टेपचं टोक सहज बारला लावलं. मी खाली वाकून वाचलं.

"आठ फूट तीन इंच."

"आता उलटं?" कॅप्टन म्हणाला.

उलटंच होतं. गोलसमोर भला मोठा खड्डा पडलेला, चप्पल बुडेल एवढा. माती टाकायची रीत मोडली होती. सांगणारंच कुणी राहिलं नव्हतं.

"मोठा गोल आहे," लंबू कॅप्टनला म्हणाला. "ये. तुझे ते सहा बॉल मार आता. मी उभा राहतो. टिल्लू, तू बाजूला हो."

मी बाजूला झालो. कुंपणाशी सराव करणाऱ्या पोरांकडून कॅप्टननं बॉल मागून आणला. चष्मा पुसला. पोट सांभाळत धावत आला आणि मारला. बॉल बारच्या हातभर वरून कुंपणापलीकडे गेला.

"याला पण माती टाकली होती का रे कुणी?" सर मागून म्हणाले.

लंबू हसायला लागला. आधी खांद्यांनी, मग आवाजानं. हसता हसता खांबाला धरून राहिला. दुसरा बॉल सरळ आला, तो त्यानं छातीशी धरला. नुसता थप्प आवाज आला. त्यानं बॉल सोडलाच नाही, बराच वेळ तसाच धरून उभा राहिला. मला कळत होतं, त्यानं मला माफ वगैरे केलेलं नाही. का करावं? पण बाजूला हो म्हणाला होता आणि मी झालो होतो. एकतीस वर्षं उशिरा का होईना.

व्यायामशाळेमागं बागेसाठी आणून टाकलेली माती होती. मी टोपली शोधून आणली. रखवालदार धावत आला. "ओ, कोण तुम्ही? कुणाला विचारून माती उचलता? परवानगी आहे का?"

"मी इथला गोलकीपर आहे," मी म्हणालो.

तो माझ्या टकलाकडे आणि उंचीकडे बघत राहिला. कॅप्टननं त्याला खांद्यावर हात टाकून चहाकडे नेलं.

पहिली टोपली मी एकट्यानं नेली. दुसरीला लंबूनं एक कान धरला. माती ओतली, पाणी मारलं, दोघांनी मिळून पायानं दाबली. टेप लावला. आठ फूट दोन इंच. मी आणखी आणायला वळलो.

"टिल्लू," सर म्हणाले. ते खुर्ची ओढत गोलपाशी येऊन बसले होते. "किती झाल्या?"

"दोन, सर."

"बास. आता पुढच्या शनिवारी."